वाट्याचे मटण आणि घरचे वाल

गावदेवीची राखण असली की वाटे पडतात, हे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत कुणाला सांगायला नको. मान झाला, बोकड पडला की सागाच्या पानांवर वाटे घातले जातात. जितक्या चुली तितके वाटे. एका चुलीच्या वाट्याला येते अर्धा किलो, फार झाले तर तीन पाव, आणि त्यातही हाडाचा भाग कमी नसतो. मुंबईहून आलेले चाकरमानी धरून त्या दिवशी घरात खाणारी तोंडे असतात बारा-तेरा.

अशाच एका घरी मागे मी जेवायला होतो. वाटीत रस्सा आला. मटणाचे तुकडे दोन, बाकी सगळे सोललेले वाल. मी वाटीकडे बघतोय हे घरच्या आजींच्या ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "सायेब, वाल बघून नाराज होऊ नका. मटान थोडं न् मान्सं बक्कळ. वाल न्हाय घातलं तर शेवटच्या पंगतीला नुसतं पानी वाढायची पाळी."

मी नाराज नव्हतोच. मला गंमत वाटत होती ती वेगळ्या कारणाने. मांसात कडधान्याची प्रथिने मिसळून पदार्थ वाढवायचा, तो स्वस्त करायचा आणि तरी पौष्टिक ठेवायचा, यावर मोठमोठ्या संस्थांत वर्षानुवर्षे संशोधन चालले आहे. आजींनी तेच चुलीवर केले होते. शिवाय त्यांनी ते सांगून केले होते. या सांगण्याचे महत्त्व किती, ते पुढे येईलच.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की महाड तालुक्यातल्या एका महिला बचत गटाने मला बैठकीला बोलावून घेतले. महामार्गालगत त्यांचा खाण्याच्या पदार्थांचा छोटा गाळा आहे. भजी, वडे, कांदाभाकर, रविवारी खिमा-पाव. रायगडाला जाणारी पोरे गाड्या थांबवतात. खिम्याला मागणी चांगली, पण मटणाचा भाव सातशेच्या पुढे गेल्यापासून हिशेब जमत नाही. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "साहेब, खिम्यात सोयाबीनचे ते बारीक दाणे घालतात म्हणे. घालावे का? आणि गुन्हा तर नाही ना होत?"

घालावे. आणि गुन्हा होत नाही. पण दोन्ही उत्तरांना एकेक 'पण' आहे, आणि ते एका बैठकीत मावणारे नसल्यामुळे इथे लिहितो आहे.

नवे काहीच नाही

पहिली गोष्ट, हे सोयाबीनवाल्यांनी शोधलेले नाही. लखनौचा शामी कबाब घ्या. त्यात खिम्याबरोबर चण्याची डाळ शिजवून, वाटून घालतात, म्हणून तर तो इतका मऊ होतो. हैदराबादचे हलीम म्हणजे गहू, डाळी आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटलेले. इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्याच महाडातल्या कोकणी मुसलमान घरांत दालचा होतो. डाळ, दुधी आणि मटण एका भांड्यात. मोहरमच्या दिवसांत खिचडा होतो, त्यातही डाळी, गहू आणि मांस. आणि खाली अलिबाग, पेण, रोह्याकडून इकडे आलेली पोपटी. थंडीत वालाच्या ओल्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, मधे मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे. मडक्याच्या तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडके उपडे घालायचे आणि भोवताली जाळ. शेंगेतल्या दाण्याला कोंबडीचा रस लागतो, कोंबडीला पाल्याचा वास लागतो. एका मडक्यात वनस्पतीचे आणि प्राण्याचे प्रथिन. पोपटी खाणाऱ्याला हा शब्द माहीत नसतो, नसला तरी चालते.

गरिबाघरची जोडी मात्र निराळी. वाल आणि सुकट. सावित्रीच्या खाडीने दासगावपर्यंत पूर्वी होड्या येत, त्यांतून सुकी मासळी वर यायची आणि डोक्यावरच्या पाटीतून डोंगरात जायची. आगोटीच्या खरेदीत मीठ, मिरची, कांद्याच्या माळा आणि सुकट-बोंबील ही ठरलेली. पाऊस लागला की चार महिने वरच्या वाड्यांना बाजार दुर्मीळ. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, तेव्हा घरात जे होते त्यावरच दिवस काढावे लागले. डब्यातली मूठभर सुकट आणि मडक्यातले वाल, यांची आमटी म्हणजे कोकणची खरी बेगमी. सुक्या बोंबलात किंवा जवळ्यात वजनाच्या निम्म्याहून बरेच जास्त, साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. ताज्या मटणात वीस टक्क्यांच्या आसपास, कारण बाकी बहुतेक पाणीच. वाल, चणा या कडधान्यांत वीस ते पंचवीस. सोयाबीनच्या दाण्यात चाळीसच्या घरात, आणि तेल काढून घेतलेल्या पेंडीपासून केलेल्या सोया वडीत पन्नासच्या वर.

हे आकडे वाचून कुणी म्हणेल, मग मटण हवेच कशाला? सोया वड्याच खाऊ. खायला हरकत नाही. आपल्या गावांत माळकरी कितीतरी आहेत, त्यांनी जरूर खाव्यात. पण आकड्यात सगळे येत नाही.

थोडेसे मांस काय करते

प्रथिन म्हणजे एकच वस्तू नव्हे. ते अनेक लहान घटकांचे बनलेले असते आणि शरीराला ते सगळे घटक लागतात. वालात, चण्यात, तुरीत त्यांतला एक घटक भरपूर आणि दुसरा अपुरा. तांदूळ-नाचणीत नेमके उलटे. म्हणून आपण वाल भाकरीशी किंवा भाताशी खातो तेव्हा एकाची उणीव दुसरे भरून काढते. मांस, मासळी, अंडी यांत सगळे घटक असतात. तेव्हा वालाच्या आमटीत मूठभर सुकट पडली की जेवणाची एकूण प्रतच वाढते.

याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची. रक्तपांढरी हा आपल्याकडे बाईमाणसाचा जुना रोग. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात लाल कण कमी भरले. लहान मुलांची अवस्था त्याहून वाईट. आता कडधान्यांत लोह असते, पण त्यातले शरीराला थोडेच लागू पडते. त्याच जेवणात थोडे मांस किंवा मासळी असेल तर कडधान्यातले लोहही अधिक लागू पडते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. आणि ब-१२ हे जीवनसत्त्व तर वालातही नाही, सोयाबीनमध्येही नाही. ते दूध, अंडी, मासळी, मांस यांतूनच मिळते.

म्हणजे मिसळणीत मटण कमी करायचे, पण नावापुरते ठेवायचे नाही. हा झाला पहिला 'पण'.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकतो. वाट्याचे मटण शिजते तेव्हा तुकडे कुणाच्या पानात जातात? आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग मुलगे. सुनेच्या आणि पोरींच्या वाट्याला रस्सा. त्यात वाल असले तर निदान वाल तरी. एकदा मी हे एका ग्रामसभेत बोललो तर बापे हसले आणि मागे बसलेल्या बाया हसल्या नाहीत. मांसात वाल घोटून एकजीव केले, टिक्की किंवा कबाब केला, तर प्रत्येक नगात दोन्ही सारखेच येते. तुकडा वेचून काढता येत नाही. हा फायदा मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही, पण मला तो सगळ्यांत मोठा वाटतो.

प्रौढ माणसाला दिवसाला किती प्रथिने लागतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला जास्त. दोन वेळा भात-आमटी खाणाऱ्या, दिवसभर डोंगर चढणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईच्या पोटात एवढे जाते का, याचा हिशेब ज्याने त्याने घरी मांडावा.

करायचे कसे

गटासमोर आम्ही प्रत्यक्ष करून पाहिले, म्हणून अनुभवाचेच लिहितो. मटण महाग, म्हणून अंड्यावरून उतरलेल्या जुन्या कोंबड्या घेतल्या. आपल्या परसातली गावठी किंवा गिरिराज कोंबडी अंडी द्यायची थांबली की तिचे मांस चिवट होते, गिऱ्हाईक नाक मुरडते. खिमा केला की तो चिवटपणा कुणाला कळत नाही. चांगल्या पैशाची वस्तू फुकट जाते ती इथे.

वाल आदल्या दिवशी भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात टाकून सोलले. ही बिरड्याची रीतच आहे, फक्त ती सोडू नये. वालात जो कडवटपणा असतो आणि पचनाला अडथळा करणारे जे घटक असतात ते भिजवणे, पाणी फेकणे, सोलणे आणि शिजवणे यांनी कमी होतात. वालाचे कच्चे पीठ खिम्यात घालणे हा शहाणपणा नव्हे. आधी मऊ शिजवा, पाणी निथळू द्या, मग ठेचा. अगदी गंध करू नका. थोडे रवाळ राहिले तर तोंडात खिम्यासारखे लागते.

आता मुख्य गोष्ट. खिम्यात मीठ घालून तो एकटाच आधी मळायचा. पाच-सात मिनिटे, हाताला चिकट लागेपर्यंत. मिठामुळे मांसातले एक प्रथिन सुटून बाहेर येते आणि तेच सगळ्या मिश्रणाला धरून ठेवते, भिंतीला चुन्याने धरावे तसे. बाया आधी सगळे एकत्र करतात आणि मग मीठ घालतात, त्यामुळे टिक्की कढईत फुटते आणि दोष वालाला जातो. खिमा चिकट झाला की मग वाल, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला. खिमा थंड असावा. उन्हात ठेवलेला कोमट खिमा कितीही मळला तरी धरत नाही.

आम्ही तीन परातींत तीन प्रकार केले. पहिल्यात नुसता खिमा. दुसऱ्यात एक किलोला पाव किलो शिजलेले वाल. तिसऱ्यात निम्मे-निम्मे. कुठले काय आहे ते न सांगता खाऊ घातले. पहिल्या टिक्क्या कढईतून निघाल्या त्या आकसून. नुसत्या खिम्याला उष्णता लागली की तो पाणी आणि चरबी सोडतो, वजन चांगलेच उतरते. दुसऱ्या टिक्क्या फुगीर, मऊ राहिल्या, कारण मांसाने सोडलेले पाणी वालाने धरले. तिसऱ्या म्हणजे वालाच्या वड्याच. चव वाईट नव्हती, पण खिमा म्हणून कुणी ओळखले नाही. बहुतेक बायांना दुसरी परात पसंत पडली. एक काकी म्हणाल्या, "पयली वातड. दुसरी जावयाला वाढावी अशी." याहून चांगला अभिप्राय कुठली प्रयोगशाळा देणार?

मग सोया घालून केले. सोयाबीनच्या वड्या आणि दाणे कसे तयार होतात ते बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सोयाबीनमधले तेल गाळून घेतले की उरलेल्या पेंडीचे पीठ करतात, ते ओले करून यंत्रात उष्णतेने आणि दाबाने दामटतात आणि बारीक भोकांतून बाहेर सोडतात. बाहेर येताना त्यातली वाफ सुटते आणि ते मांसासारखे धाग्याधाग्याचे, जाळीदार होते. न्यूट्रेलासारख्या नावांनी ते आपल्या बाजारात कित्येक वर्षे येते आहे. पन्नास ग्रॅम सुके दाणे घेतले तर ते शंभर ते दीडशे ग्रॅम पाणी पितात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून पिळायचे, पुन्हा थंड पाण्यात टाकून पिळायचे. हे दोनदा पिळणे चुकवले की घास तोंडात घेताच सोयाबीनचा उग्र वास येतो. किलोला असे दीड-दोनशे ग्रॅम पुरे.

अमेरिकेत १९७१ मध्ये सरकारने शाळेच्या जेवणातल्या मांसाच्या पदार्थांत भिजवलेले असे सोया प्रथिन तीस टक्क्यांपर्यंत मिसळायला परवानगी दिली होती. मांस महागले म्हणूनच. पोरांनी ते खाल्ले. पण तीस ही वरची मर्यादा, ते लक्ष्य नव्हे. आपल्या मसाल्यात पंधरा-वीस टक्क्यांच्या आत राहिलेले बरे.

पैशाचे उदाहरण घेऊ. मटणाचा खिमा सातशे रुपये धरा. त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम सुक्या वालापासून झालेले पाव किलो शिजलेले वाल, त्यांचे पंचवीस रुपये धरा. सव्वा किलो मिश्रण झाले सव्वासातशेला, म्हणजे किलोला ५८० पडले. किलोमागे १२० रुपये वाचले. शिवाय तळताना वजन कमी उतरते ते वेगळेच. यातला थोडा भाग गिऱ्हाइकाला स्वस्ताईच्या रूपाने द्यावा, थोडा गटाने ठेवावा.

एक सावधगिरी. शिजलेले वाल किंवा भिजलेला सोया आणि कच्चा खिमा एकत्र झाला की तो लवकर नासतो. आपल्याकडे पावसात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नाही. बर्फपेटीच्या जोरावर दोन दिवसांचे कालवून ठेवू नये. सकाळी मळावे, त्या दिवशी संपवावे, उरले तर पूर्ण शिजवून ठेवावे. मांस घ्यायचे ते परवानाधारक खाटकाकडून. सोयाबीन काहींच्या अंगाला सोसत नाही, पुरळ उठते, घसा धरतो. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रथिने वाढवताना डॉक्टरांना विचारावे.

लपवले की वाया गेले

दुसरा 'पण' मोठा आहे. दोन वर्षांमागे एका लग्नात मी पंगतीला होतो. हळदीचे जेवण, खिमा-पाव. बाहेरच्या एका आचाऱ्याला कंत्राट दिलेले. दोन घास झाल्यावर एका म्हाताऱ्या मामांनी खिमा बोटाने चोळून पाहिला आणि म्हणाले, "ह्यात खिमा हाय का खिम्याचा वास?" निम्म्याहून जास्त सोयाबीन होते. पैसे घेतले होते शुद्ध मटणाचे. वधूपक्षाची मान खाली गेली, आचारी म्हणतो मी सांगितले होते, घरचे म्हणतात सांगितले नव्हते. हळदीच्या रात्री भांडण. त्यानंतर त्या गावात सोयाबीनचे नाव काढले की लोक फसवणूक हाच अर्थ घेतात. मी तिथे आजवर हा विषय बोलू शकलेलो नाही.

पदार्थ वाईट नव्हता हो. खोटे वाईट होते. आजींच्या वाटीतही वालच जास्त होते, पण कुणी मान खाली घातली नाही.

कायद्याचे म्हणाल तर पूर्वी मांसाच्या पदार्थांसाठी १९७३ चा स्वतंत्र आदेश होता. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि ते सगळे त्यात सामावले. मिसळणीला बंदी नाही. पण जे आहे ते सांगितलेच पाहिजे. एक सांगून दुसरे विकले, वेष्टनावर खोटे लिहिले, तर तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बंद पाकिटात विकायचे असेल तर घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, सोयाबीन असेल तर ते ठळकपणे सांगावे लागते आणि मांस एक टक्का असले तरी मांसाहाराचे चिन्ह, म्हणजे चौकटीतला तपकिरी त्रिकोण, लावावे लागते. गाळा कितीही लहान असो, अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी ही करावीच लागते. ग्रामसेवकांना माझी विनंती आहे की गटांना ठराव आणि दाखले देताना ही नोंदणी झाली का, तेवढे विचारावे.

शहरातून येणारी कोंबडीची तयार पाकिटे, सॉसेज, नगेट, घरी आणत असाल तर मागची बारीक अक्षरे वाचा. बऱ्याच पाकिटांवर सोया प्रथिनाचे नाव दिसेल. तिथे लिहिलेले असते, म्हणून ती फसवणूक नाही. वाचत आपण नाही, हा आपला दोष.

आणि माळकऱ्यांचे भान ठेवा. एकाच कढईत सोयाच्या शाकाहारी वड्या आणि खिम्याच्या टिक्क्या तळू नका. माझ्या समोर एका गाळ्यावर असे झाले आणि एका वारकरी गृहस्थांनी विचारल्यावर पोरगा म्हणाला, "तेल तेच आहे, पण वडी वेगळी आहे." ते गृहस्थ काही न बोलता उठून गेले. पुन्हा आले नाहीत.

वाल पिकवणार कोण?

आता मी माझ्या खात्याच्या विषयाकडे येतो. सोयाबीन आपल्याकडचे नव्हे. ते लातूर, विदर्भाकडचे, माळव्यातले. इथल्या पावसात त्याचा टिकाव अवघड. म्हणजे सोया घातला की पैसा घाट चढून जाणार. त्याची जाळी चांगली, प्रथिने वालाच्या दुप्पट, हे मान्य. पण वाल आपल्या मळीत येतो, त्याला पाणी द्यावे लागत नाही आणि त्याची चव आपल्या जिभेला आईच्या हातापासून माहीत आहे. मला विचाराल तर गाळ्यावरच्या खिम्यात वाल, आणि ज्याला वाल मिळत नाही त्याने सोया.

पण वाल मिळतो कुठे? भात काढल्यावर ओल उडायच्या आत, नोव्हेंबरात वाल टोकायचा, फेब्रुवारीत शेंगा. ना पंप ना पाट. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात, त्याचा फायदा पुढच्या भाताला. पूर्वी महाडच्या मळ्यांतून भातामागून वाल, हरभरा, पावटा असे हिरवेगार दिसायचे. आता दिवाळीनंतर बघा, खाचरे मोकळी. विचारले की प्रत्येक गावात एकच उत्तर: उनाड गुरे. भात घरात गेले की गुरे सोडायची, ही जुनी चाल. पूर्वी राखण्या असायचा, सगळेच वाल करायचे, म्हणून सगळेच गुरे आवरायचे. आता तरुण पोरे मुंबईला नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत. दहांतल्या दोघांनी वाल टोकला तर आठांची गुरे तो खातात. वरच्या गावांत वानरे आणि डुकरे आहेत ती वेगळीच.

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही, खोटे कशाला बोलू? गुरांवर आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या हातात आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव, फेब्रुवारीअखेरपर्यंतची तारीख घालून. कोंडवाडा असेल तर तो दुरुस्त करून वापरात आणायचा. आणि सगळे शिवार एकदम धरण्याचा हट्ट सोडून एका लागून असलेल्या पट्ट्यातल्या दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून वाल टोकायचा, म्हणजे एकच कुंपण, एकच राखण्या. महाडजवळच्या एका गावात सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी अशा तिघांनी मनावर घेतले आणि एका हंगामात हे जमले. दुसऱ्या हंगामात निवडणूक आली आणि मोडले. तरी एकदा जमले म्हणजे जमते.

बियाण्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण वाल-१ आणि कोकण वाल-२ हे वाण आहेत. रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. घरचे कडवे बी चांगले असेल तर तेही सोडू नका; बिरड्याला त्याची सर नाही. बी जिवाणू खताचे चोळून टोका. फुलोऱ्यात मावा आणि पुढे शेंगा पोखरणारी अळी, एवढी दोन दुखणी सांभाळली की पीक आपले. मांसाच्या पदार्थांचे रीतसर शिक्षण हवे असेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुजन्य पदार्थांचा वेगळा विभाग आहे. गटाने अर्ज लिहावा, मी सही करून पाठवीन.

महाडच्या त्या गटाने काय केले ते सांगायचे राहिले. त्यांनी खिम्यात वाल घालायचे ठरवले. पाटीवर काय लिहायचे यावर मात्र अर्धा तास वाद झाला. एकीचे म्हणणे, लिहिले तर गिऱ्हाईक पळेल. अध्यक्षा म्हणाल्या, "पळेल त्याला पळू दे, उद्या परत आलेला नको का?" शेवटी खडूने पाटी लिहिली गेली: वाल-खिमा टिक्की, दोन नग, सोबत भाकरी. पहिल्या रविवारी मी दुपारी तीनला पोहोचलो तेव्हा परात धुऊन उपडी घातलेली होती. मला कांदाभाकरीवर भागवावे लागले. सोललेले वाल संपले होते आणि पुढच्या रविवारसाठी पाच किलो कुठून आणायचे, याची चौकशी चालली होती.